तापल्या नळीची गुंडाळी: वॉटच्या सिलिंडरपासून मोटारीच्या हेडरपर्यंत

१/ राळेगावच्या मे महिन्यात धावून आलेल्या गाडीचे बॉनेट उघडले की झळ तोंडावर येते. इंजिनातून जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांना, म्हणजे हेडरला, उष्णतारोधक पट्टी गुंडाळावी, हा विचार मग सहज सुचतो. हा विचार मोटारीहून जुना आहे.

२/ १७६९ साली जेम्स वॉटने वाफेच्या इंजिनाचे पेटंट घेतले. सिलिंडर थंड पडला की वाफ आतच पाणी होते आणि कोळसा वाया जातो. म्हणून त्याने सिलिंडरला लाकडाचे किंवा उष्णता सावकाश वाहणाऱ्या अन्य पदार्थाचे वेष्टण सुचवले.

३/ पुढे रेल्वे इंजिनांच्या बॉयलरवर लाकडी पट्ट्या चढल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांची जागा ॲस्बेस्टॉस घेऊ लागला. न जळणारा आणि सूत काढता येणारा हा खनिज तंतू सर्वांना वरदान वाटला.

४/ वऱ्हाडचा कापूस वाहणारी यवतमाळ–मूर्तिजापूर ‘शकुंतला’ याच वाफयुगाची. मँचेस्टरला १९२१ मध्ये घडलेल्या इंजिनाने ती सुमारे सत्तर वर्षे ओढली. १९९४ मध्ये तिला डिझेल इंजिन लागले.

५/ त्याच मँचेस्टरजवळच्या रॉचडेल गावी नेली केर्शॉ ही कामगार स्त्री ॲस्बेस्टॉसचे सूत कातत असे. १९२४ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, तिचा मृत्यू झाला. डॉ. कुक यांना तिच्या फुप्फुसांत त्या खनिजाचे कण आढळले. १९३१ मध्ये ब्रिटनने या उद्योगासाठी नियम केले. वेष्टणाची पहिली किंमत श्वासाने मोजली गेली.

६/ आजच्या पट्ट्या काचतंतूच्या किंवा बेसॉल्टच्या तंतूच्या असतात. बेसॉल्ट म्हणजे यवतमाळच्या काळ्या कापूसजमिनीला जन्म देणारा खडक.

७/ लाभ खरे आहेत. नळीतला वायू गरम राहिल्याने त्याचा वेग टिकतो आणि सिलिंडर नीट रिकामा होण्यास मदत होते. बॉनेटखालची हवा कमी तापते. वायर आणि रबरी नळ्या वाचतात. इंजिनाला तुलनेने थंड, म्हणजे दाट हवा मिळू शकते.

८/ मात्र अडवलेली उष्णता नाहीशी होत नाही. उघडी नळी ती वाऱ्याला देऊन टाकते. गुंडाळलेली नळी स्वतःच अधिक तापते. साध्या पोलादावर पापुद्रे धरतात, जोडांना तडे जाऊ शकतात. पावसाळ्यात पट्टी ओल धरून ठेवते आणि गंज डोळ्यांआड वाढतो. पट्टीत तेल मुरले तर आगीचा धोका. अनेक हेडर-उत्पादक अशा नळीची हमी नाकारतात.

९/ मग वॉटचा उपाय त्याला का साधला? त्याच्या सिलिंडरातील वाफ शंभर अंशांच्या आसपास होती. ओतीव लोखंडाला तेवढे तापमान काहीच नव्हे. पेट्रोल इंजिनाचा जळका वायू मात्र सहाशे-आठशे अंशांवर जातो. तेथे धातू आपल्या सहनशक्तीच्या काठावर उभा असतो.

१०/ शर्यतीच्या गाडीत हेडर झिजला की बदलतात, म्हणून तेथे हा व्यवहार परवडतो. रोज पावसा-चिखलातून धावणाऱ्या गाडीसाठी नळीपासून अंतर राखून बसवलेला पत्र्याचा आडोसा किंवा सिरॅमिकचा लेप अधिक शहाणपणाचा. वेष्टण उष्णतेचा भार दुसऱ्यावर टाकते. तो भार कोण वाहणार, हे आधी पाहावे, एवढाच अडीचशे वर्षांचा धडा.