पथकर, पहारेकरी आणि पळवाटा



आजच्या विषयाची सुरुवात जुन्या कागदांपासून न करता चहाच्या टेबलापासून करतो. मोटार बाळगणारी चार माणसे एकत्र जमली की बोलणे पेट्रोलच्या भावावरून टोलवर यावयास वेळ लागत नाही. मग एकजण हळूच सांगतो, की नंबराच्या पाटीवर केसांना मारावयाचा फवारा मारला म्हणजे कॅमेऱ्याला आकडे दिसत नाहीत. दुसरा म्हणतो, आरशाला जुनी सीडी टांगली की पुरे. तिसऱ्याच्या मते मोठ्या ट्रकच्या पाठीला चिकटून जावे, आणि चौथा सांगतो, की पुरेशा वेगाने गेलात तर कॅमेऱ्याचा डोळा उघडण्यापूर्वीच तुम्ही पार झालेले असता. या सर्व कथांत एक गोष्ट समान असते. पराक्रम सांगणाऱ्याने स्वतः केलेला नसतो. तो त्याच्या मेहुण्याच्या मित्राने केलेला असतो.

दंतकथा म्हणून हे हसून सोडून देता येईल. परंतु दंतकथेच्या मागे लोकांच्या मनातील काही सल असतो, आणि तो इतिहासाचाच विषय आहे. म्हणून तीन प्रश्न आपण आज विचारू. पथकर चुकविण्याच्या युक्त्या पूर्वी चालत होत्या काय? आज चालतात काय? आणि चालत नसतील, तर माणसे त्यांच्यावर विश्वास का ठेवतात?

पहिल्या प्रश्नासाठी इंग्लंडात जाऊ. कारण नाक्यावरची चोरी आणि तिच्यावरचा कायदा यांचा दीर्घ झगडा तेथे कायद्यांच्या पुस्तकात नोंदलेला आहे. लंडनहून उत्तरेकडे जाणारा मोठा रस्ता जड गाड्यांनी पार उखडून गेला, तेव्हा १६६३ साली पार्लमेंटने त्याच्या काही भागावर फाटक घालून पथकर घेण्यास परवानगी दिली. पुढे अठराव्या शतकात अशा रस्त्यांसाठी विश्वस्त मंडळे निघाली. १८३०च्या सुमारास अशी सुमारे एक हजार मंडळे होती आणि त्यांच्या ताब्यात वीस हजार मैलांच्या आसपास रस्ते होते. फाटकाशेजारी छोटेसे घर, घरात नाकेदार, दारावर दरांचा फलक. आपल्याकडच्या जकातनाक्याचेच हे भावंड. पायी जाणाराला कर नसे. प्रेतयात्रेला नसे, रविवारी देवळात जाणाराला नसे, आणि १७८५ पासून टपालाच्या गाडीलाही नसे.

आता युक्त्या पाहा. जास्त ओझ्याला जास्त कर म्हणून १७४१च्या कायद्याने नाक्यांवर गाड्या तोलण्याचे काटे बसविण्यास मुभा दिली. गाडीवानांनी काय करावे? काट्याच्या अलीकडे थोडा माल उतरवावा आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा भरावा. कराचा हिशेब घोड्यांवर होई, तेव्हा फाटकाच्या आधी एखादा घोडा सोडून ठेवावा. अरुंद चाक रस्ता कापते म्हणून त्या शतकाच्या मध्यास पार्लमेंटने नऊ इंच रुंद धावेच्या गाड्यांना सवलत दिली. त्यावर गाडीवानांनी धावा रुंद केल्या खऱ्या, पण बाजूंनी उतरत्या घडविल्या. मोजपट्टी लावली तर नऊ इंच, रस्त्याला टेकणारा भाग मात्र पूर्वीइतकाच अरुंद! शेजारच्या शेतातून गाडी काढणे आणि दुसऱ्याची पावती दाखविणे हे प्रकार तर होतेच.

या युक्त्या चालत होत्या, हे कबूल केले पाहिजे. परंतु त्या का चालत होत्या? नाकेदार एक माणूस होता, त्याला दोनच डोळे होते, आणि गाडी पुढे गेली की तिची कोणतीही खूण त्याच्यापाशी उरत नव्हती. आणि युक्ती फार दिवस टिकतही नसे. १८२२च्या कायद्यात घोडा मागे सोडणे, शेतातून वळसा घेणे, पावतीची अदलाबदल करणे, या सर्वांना नाव घेऊन दंड सांगितलेला आहे. चोराने वाट काढावी आणि कायद्याने ती कलम घालून बुजवावी, असा हा खेळ दीडशे वर्षे चालला.

आपल्याकडे काय होते? पेशवाईत जकात बैलाच्या ओझ्यावर घेतली जाई, आणि प्रत्येक परगण्यात ती निराळी द्यावी लागे. व्यापाऱ्याचा जीव पैशापेक्षा थांबण्याने मेटाकुटीस येई. यावर तोड निघाली ती हुंडेकऱ्यांची. १८१९ साली एल्फिन्स्टनने पेशव्यांच्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला त्यात यांचे वर्णन आहे. मोठ्या पेठांतून असे लोक असत. त्यांना एकदाच रक्कम द्यावी आणि त्यांनी माल साऱ्या मुलखातून पार करून द्यावा. जकातीच्या मक्तेदारांशी हिशेब हुंडेकऱ्याने करावा. आज मोटारीच्या काचेवर आपण जो फास्टॅग चिकटवितो त्याचे काम याहून फार वेगळे नाही. पैसे आधी भरा, नाक्यावर थांबू नका, हिशेब मागाहून होईल.

परंतु जकात चुकविण्याचा आपल्या इतिहासातील सर्वांत मोठा प्रकार बंगालमध्ये घडला, आणि तो लपूनछपून झाला नाही. १७१७च्या बादशाही फर्मानाने इंग्रज कंपनीच्या व्यापाराला जकात माफ झाली. कंपनीचे दस्तक दाखविले की माल सुटे. कंपनीचे नोकर हेच दस्तक आपल्या खाजगी व्यापारासाठी वापरू लागले. देशी व्यापाऱ्याने जकात द्यावी आणि साहेबाच्या गुमास्त्याने कागद फडकावून निघून जावे! तक्रारी करून थकल्यावर मीर कासीमने १७६३ साली सर्वांचीच जकात उठविली. म्हणजे सर्वांना सारखा न्याय दिला. तो कंपनीला सोसला नाही. युद्ध झाले, आणि २२ ऑक्टोबर १७६४ रोजी बक्सारला त्याचा निकाल लागला. यातून एक धडा घ्यावा. भुरटा माणूस नाका चुकवितो तेव्हा चार पैसे बुडतात. बलवान माणूस राजरोस चुकवितो तेव्हा राज्य बुडते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. माणसाच्या जागी यंत्र आले तेव्हा काय झाले? मोटारीची पाटी वाचणारे यंत्र ब्रिटनमध्ये १९७६ साली पोलिसांच्या शास्त्रीय संशोधन शाखेत तयार झाले. १९९७ साली कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात ४०७ क्रमांकाचा महामार्ग सुरू झाला; त्यावर पैसे घेणारे नाकेच नव्हते. ज्या गाडीत यंत्राची डबी नसेल तिच्या पाटीचे छायाचित्र घ्यावयाचे आणि बिल घरी पाठवावयाचे. आणि १७ फेब्रुवारी २००३ रोजी लंडनच्या मध्यभागात शिरणाऱ्या मोटारींवर दिवसाला ५ पौंडांचा आकार सुरू झाला. केन लिव्हिंगस्टन तेव्हा तेथले महापौर होते. सुमारे २१ चौरस किलोमीटरचा हा भाग. त्याला ना फाटक, ना नाकेदार. फक्त कॅमेरे.

या कॅमेऱ्याचे काम समजून घेतले की चहाच्या टेबलावरच्या कथा एकेक गळून पडतात. फवाऱ्याची कथा अशी, की कॅमेऱ्याचा लखलखाट चकचकीत पाटीवरून उलटेल आणि चित्र पांढरे पडेल. पण लंडनच्या या कॅमेऱ्यांना लखलखाट लागतच नाही. अशी यंत्रे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात पाहतात, आणि पाटी तर मुळातच प्रकाश उलट फेकण्यासाठी बनविलेली असते. ते तेज यंत्राच्या सोयीचेच आहे. सीडी आरशाला टांगली तरी पाटी जागेवरच राहते. वेगाचे म्हणाल, तर महामार्गावरील भरधाव गाड्यांच्या पाट्या वाचण्यासाठीच ही यंत्रे घडविली आहेत, आणि लंडनच्या गर्दीत वेग काढावयाचा तरी कोठे? ट्रकच्या आड लपून एक कॅमेरा चुकविला, असे धरून चालू. कॅमेरे सीमेवर आहेत तसे आतही आहेत. एकाने सोडले तर दुसरा पाहतो, आणि दिवसभरात एकदा दिसणे पुरेसे असते.

शिवाय निर्णय कॅमेरा करीत नाही. तो केवळ पाहतो. दिवसअखेर दोन याद्या समोर येतात: कोणत्या गाड्या आत आल्या, आणि कोणी पैसे भरले. पहिलीत आहे आणि दुसरीत नाही अशा गाडीचे चित्र माणूस तपासतो, आणि मग नोंदलेल्या मालकाकडे दंडाची नोटीस जाते. आरंभी तो दंड ८० पौंड होता. चौदा दिवसांत भरला तर निम्मा. ५ पौंड वाचविण्यासाठी फवाऱ्याचा डबा विकत घेणाऱ्याचा हिशेब आपणच करावा. चिखल फासून किंवा काच बसवून पाटी झाकणे हा तर निराळाच गुन्हा आहे.

म्हणजे यंत्राला फसविता येतच नाही काय? तसे म्हणणे खोटे होईल. पण जेथे ते फसते तेथे त्याची किंमत कोण देतो ते पाहा. लबाड माणूस आपल्या गाडीसारख्याच दुसऱ्या गाडीचा नंबर आपल्या पाटीवर घालतो. नोटीस जाते ती त्या दुसऱ्याच्या घरी. तो बिचारा कधी लंडनला गेलेलाही नसतो, आणि ती गाडी आपली नव्हे हे सिद्ध करीत बसण्याचे काम त्याच्या गळ्यात पडते. म्हणूनच इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ पासून पाट्या करणाऱ्या दुकानदारांना नोंदणी सक्तीची झाली आणि ओळख पटविल्याखेरीज पाटी देणे बंद झाले. पुन्हा तोच जुना खेळ: युक्ती, आणि तिच्या मागोमाग कलम.

दुसरा प्रकार आपल्याला बंगालच्या दस्तकाची आठवण करून देणारा आहे. लंडनमधील अमेरिकेच्या वकिलातीने २००५ पासून हा आकार देण्याचे नाकारले. तिचे म्हणणे असे, की हा कर आहे, आणि १९६१च्या व्हिएन्ना करारान्वये वकिलातींना करमाफी आहे. लंडनचे म्हणणे, की हा सेवेचा मोबदला आहे. इतरही कित्येक वकिलातींनी तीच वाट धरली. त्यांच्या गाड्यांना फवारा लागत नाही. कॅमेरा त्यांना स्वच्छ पाहतो. पण पाहण्याने वसुली होत नसते.

तिसरा प्रश्न उरला. माणसे या कथांवर विश्वास का ठेवतात? २०२२ साली आपल्याकडे एक चलच्चित्र हजारो भ्रमणध्वनींवरून फिरले. मोटारीची काच पुसणारा मुलगा मनगटी घड्याळाने फास्टॅगमधील पैसे चोरतो, असे त्यात दाखविले होते. ते बनावट होते. फास्टॅगची रक्कम नोंदलेल्या नाकेचालकाच्या खात्यावरच जमा होते. वाटेवरच्या माणसाला ती घेता येत नाही, हे संबंधित संस्थांनी जाहीर केले. तरी लोक घाबरले. यंत्र कसे चालते हे ठाऊक नसले म्हणजे ते सर्वशक्तिमान तरी वाटते, नाहीतर बावळट तरी वाटते. भीतीची कथा आणि फवाऱ्याची कथा या एकाच अज्ञानाच्या दोन बाजू आहेत.

पण अज्ञान हे अर्धेच कारण झाले. उरलेले अर्धे कारण म्हणजे अन्यायाची भावना. हा पैसा जातो कोठे, रस्त्याला खड्डे का, मुदत संपली तरी नाका का उभा, हे प्रश्न मनात असतात, विचारावयाचे कोणाला हे कळत नाही, आणि मग माणूस फवाऱ्याच्या कथेत समाधान शोधतो.

येथे वेल्सच्या शेतकऱ्यांची गोष्ट सांगितली पाहिजे. पश्चिम वेल्समध्ये जमीन आम्ल. तिला चुना घालावा लागे, आणि चुन्याच्या प्रत्येक गाडीला नाक्यामागून नाक्यावर कर पडे. १३ मे १८३९ रोजी एव्हॅलवेन येथील फाटक लोकांनी मोडले. पुरुषांनी बायकांचे कपडे घातले, तोंडाला काजळी फासली, आणि आपल्या पुढाऱ्याला बायबलातील रिबेका हिचे नाव दिले; कारण तिच्या संततीला शत्रूंच्या वेशी मिळतील असा आशीर्वाद तेथे आहे. १८४३ साली ही चळवळ शिगेला पोहोचली. तिला हिंसेचे गालबोटही लागले. त्या वर्षी हेन्डी येथील नाक्यावर एक वृद्ध नाकेदारीण मारली गेली. ते समर्थनीय नाही. तथापि सरकारने चौकशी आयोग नेमला, आयोगाने शेतकऱ्यांचे म्हणणे ऐकले, आणि १८४४च्या कायद्याने मंडळे एकत्र करून दर सारखे केले व चुन्यावरचा कर निम्म्यावर आणला. घोडा मागे सोडून फाटक चुकविणाऱ्यांनी शंभर वर्षांत जे मिळविले नाही, ते तक्रार उघडपणे मांडल्याने पाच वर्षांत मिळाले.

आपला अनुभवही असाच आहे. मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झाला, तो कोणाच्या युक्तीने नव्हे. वर्षानुवर्षे लोक बोलत राहिले, आंदोलने झाली, आणि सरकारला निर्णय घ्यावा लागला.

आणि कॅमेऱ्याविषयी विचारावयाचा खरा प्रश्न निराळाच आहे. २००७ सालच्या जुलैत लंडनच्या या कॅमेऱ्यांची माहिती राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणाने पोलिसांना तत्क्षणी पाहू देण्याचा निर्णय झाला. पथकरासाठी उभारलेला डोळा चार वर्षांत दुसऱ्या कामालाही लागला. ते योग्य की अयोग्य यावर मतभेद होतील. परंतु आपली गाडी कोठे गेली ही नोंद किती दिवस ठेवावी, कोणी पाहावी, आणि चूक झाल्यास नागरिकाने दाद कोठे मागावी, हे ठरविण्याचा अधिकार नागरिकांचा आहे. जुन्या नाकेदाराला गाडी पुढे गेल्यावर काही आठवत नसे. नव्याला सारे आठवते.

मंडळी, कॅमेऱ्यापासून पाटी लपविण्याची विद्या कोणी सांगू लागला, तर त्याला एवढेच विचारा, की नोटीस शेवटी कोणाच्या घरी गेली? आणि पथकर अन्यायाचा वाटत असेल, तर पाटी स्वच्छ पुसून, आपल्या नावानिशी, हिशेब मागावयास जा.