पस मॉथ : १९३२ सालच्या दोन तारखा

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले, अहमदाबादला इंधनासाठी उतरले आणि दुपारी जुहूला पोचले. ही हकिकत आपल्याकडे अनेकदा सांगितली जाते. ज्या विमानातून ते आले त्याची मात्र क्वचितच चौकशी होते.

व्हीटी-एडीएन अशी नोंद असलेले ते विमान म्हणजे डी हॅविलँड कंपनीचे ‘पस मॉथ’. मॉथ हे घराणेच हौशी, खासगी वैमानिकांसाठी जन्मलेले. पहिले मॉथ २२ फेब्रुवारी १९२५ रोजी लंडनजवळ स्टॅग लेनला उडाले. त्याचे इंजिन फ्रँक हालफर्ड यांनी युद्धातून उरलेल्या रेनॉ इंजिनाच्या भागांपासून जुळवले होते आणि पंख घडी करून मागे वळवता येत. कंपनीच्या डोळ्यांसमोर कोणते गिऱ्हाईक होते, याचा त्या घडीच्या पंखांइतका बोलका पुरावा नाही. १९३० साली इंग्लंड-भारत उड्डाणाच्या आगाखान पारितोषिकासाठी जेआरडी आणि अस्पी इंजिनिअर उडाले तेही याच घराण्यातल्या जिप्सी मॉथमधून.

१९२९ साली आलेल्या पस मॉथने वैमानिकाला उघड्या वाऱ्यातून बंद केबिनमध्ये आणले. वर एकच पंख, त्याला खालून तिरक्या दांड्यांचा आधार आणि १२० अश्वशक्तीचे जिप्सी इंजिन. ऑगस्ट १९३२ मध्ये जिम मॉलिसन यांनी अशाच विमानातून एकट्याने अटलांटिक ओलांडला, तोही पूर्वेकडून पश्चिमेला.

पण याच विमानांचे पंख हवेत तुटत होते. पहिला अपघात ऑक्टोबर १९३० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात झाला. जुलै १९३२ मध्ये इंग्लंडात सरे परगण्यात एक पस मॉथ आकाशात फुटले. १८ सप्टेंबर १९३२ रोजी ऑस्ट्रेलियात बायरन बेजवळ आणखी एक कोसळले, त्यात युद्धवीर लेस होल्डन गेले. खवळलेल्या हवेत पंखाच्या पुढच्या आधारदांड्यावर अतिरिक्त ताण येई, तो वाके आणि पंख निखळे. अखेर त्या दांड्याच्या मध्यापासून पंखाच्या मागच्या मुळापर्यंत एक छोटा जोडदांडा बसवला गेला. त्यानंतर पस मॉथ पुष्कळ वर्षे सुखरूप उडत राहिले.

बायरन बे आणि जुहू यांच्यात चार आठवड्यांचेही अंतर नाही. जुहूहून जेआरडींचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल पुढे बल्लारीमार्गे मद्रासला नेले. या दोघांच्या धैर्याचे मोजमाप करताना वाटेतले ऊन, वारा, रेडिओचा अभाव एवढेच सांगून भागत नाही. ज्या जातीच्या विमानात ते बसले होते तिच्या बांधणीचाही हिशेब धरायला हवा. भारतीय हवाई टपालाचा इतिहास पुढे जो कोणी लिहील, त्याने १५ ऑक्टोबरच्या पानावर १८ सप्टेंबरचीही नोंद करावी.