तबकडीवरचा हात

'डीजे' म्हटलं की आपल्याकडे आधी डोळ्यांसमोर येते ती मिरवणुकीतली स्पीकर्सची भिंत. आज मात्र लिहायचंय ते तबकडीवर हात ठेवून वाजवणाऱ्या डीजेबद्दल. सगळी गाणी एका पेन ड्राइव्हवर मावत असताना यातली काही मंडळी रेकॉर्ड्सच्या जड पेट्या का वाहत असतील? "आवाज वॉर्म असतो हो," हे ठरलेलं उत्तर. असेलही. पण इतिहास बघितला तर मला वाटतं, खरं कारण कानापेक्षा हातात आहे.

११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात बहिणीच्या पार्टीत कूल हर्क रेकॉर्ड्स वाजवत होता. हा मूळचा जमैकाचा. गाणं थांबून नुसता ताल उरला की लोक जास्त नाचतात, हे त्याने हेरलं. पण तो तुकडा काही सेकंदांचाच! मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवर तोच. म्हणजे हाताने चालवलेला लूपच की!

ग्रँडमास्टर फ्लॅश तर इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला, म्हणजे आपल्यातलाच. त्याने रेकॉर्डवर क्रेऑनने खुणा केल्या आणि ती नेमकी किती मागे फिरवायची ते मोजायला लागला. डेटा डोळ्यांना दिसतो, बोटाने थांबवता येतो. आहे का दुसऱ्या कुठल्या मीडियात ही सोय?

यंत्रही तसंच लागतं. बेल्टवर चालणारं टर्नटेबल वेग पकडायला वेळ लावायचं. टेक्निक्सच्या एसएल-१२०० मध्ये (१९७२) मोटर थेट तबकडीखाली होती. ते बनवलं होतं घरी निवांत गाणी ऐकणाऱ्यांसाठी, पण डीजेंनी ते उचललं. १९७९ च्या एमके२ मॉडेलमध्ये वेग ८ टक्के कमी-जास्त करायला स्लायडर आला आणि ते ०.७ सेकंदात पूर्ण वेग घ्यायचं. युजरचा 'गैरवापर' पुढच्या व्हर्जनचं फीचर झाला!

आणि गंमत पुढेच आहे. २००४ मध्ये सेराटोचं स्क्रॅच लाइव्ह आलं. त्याच्या तबकडीवर गाणं नाही, फक्त टाइमकोड. सुई कुठे आहे, तबकडी किती वेगाने आणि कुठल्या दिशेने फिरतेय हे लॅपटॉप त्यावरून ओळखतो आणि एमपीथ्री तशी वाजवतो. थोडक्यात, स्टोरेज बदललं, इंटरफेस तोच राहिला. २०१० मध्ये बंद झालेलं एसएल-१२०० सुद्धा २०१६ मध्ये परत आलं.

तबकडी झिजते, महाग पडते, प्रवासात पाठ मोडते, हे सगळं मान्य. 'सिंक' बटण दाबलं की दोन गाण्यांचा ताल आपोआप जुळतो, त्यालाही मी नावं ठेवणार नाही. पण कानाने ताल जुळवताना चुकायची भीती असते, आणि त्यातूनच हात तयार होतो. कुठल्याही तबलजीला विचारा.

असो. नवी सिस्टिम आणताना जुना डेटा आपण इमानेइतबारे मायग्रेट करतो. माणसांच्या हातात मुरलेलं कसब मात्र कुठल्याच प्रोजेक्ट प्लॅनमध्ये नसतं. सोमवारच्या मीटिंगआधी एवढा विचार करायला हरकत नाही, काय?