रानपिंगळा की साधा पिंगळा?

पिंगळा हा महाराष्ट्रातील खेडोपाडी परिचित असलेला पक्षी. वड, आंबा, चिंच अशा जुन्या झाडांच्या ढोलीत त्याची जोडी राहते आणि तिन्हीसांजेला तिचा कलकलाट सुरू होतो. पहाटे दारोदार फिरून भविष्य सांगणारा भिक्षेकरीही पिंगळाच. त्याला या पक्ष्याची भाषा कळते, अशी समजूत आहे. मात्र सातपुड्यातील सागाच्या जंगलात भरदिवसा पिंगळा दिसला, तर तो गावातलाच असे गृहीत धरता येत नाही. तेथे ठिपकेदार पिंगळा, जंगली पिंगळा आणि रानपिंगळा असे तिघेही आढळतात. यांपैकी रानपिंगळा भारताबाहेर कोठेही नाही.

या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन ह्यूम यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केले. १८८४ मध्ये खानदेशात डेव्हिडसन यांनी मिळविलेल्या नमुन्यांनंतर तो जणू नाहीसाच झाला. मधल्या काळात कर्नल माइनर्ट्‌झहागन यांनी १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे तो मिळाल्याचा दावा केला होता. तो नमुना प्रत्यक्षात संग्रहालयातून चोरलेला जुनाच पक्षी असल्याचे पुढे उघड झाले. तोपर्यंत या बनावट नोंदीवर विसंबून काही शोधमोहिमा भरकटल्या होत्या. रानपिंगळ्याचे म्हणून पुढे आलेले एक छायाचित्रही नंतर ठिपकेदार पिंगळ्याचे निघाले. अखेर नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना सध्याच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ हा पक्षी दिसला. ११३ वर्षांनंतर तो ओळखता आला, याचे कारण रासमुसेन यांनी संग्रहालयांतील नमुने बारकाईने तपासून त्याच्या खुणा आधीच निश्चित केल्या होत्या.

पहिली खूण डोक्याची. ठिपकेदार पिंगळ्याच्या माथ्यावर व पाठीवर पांढरे ठिपके ठळक असतात. रानपिंगळ्याचा माथा आणि पाठ जवळजवळ एकरंगी, करड्या-तपकिरी असतात. ठिपके असलेच तर अगदी पुसट. भर उन्हात ठिपकेदार पिंगळ्याचे ठिपकेही फिके भासतात. म्हणून केवळ माथा पाहून निर्णय देऊ नये, छातीकडेही पाहावे. रानपिंगळ्याच्या छातीचा वरचा भाग गडद तपकिरी असतो, कुशीवर पट्टे असतात आणि पोटाचा मधला व खालचा भाग स्वच्छ पांढरा असतो. ठिपकेदार पिंगळ्याच्या पांढुरक्या छाती-पोटावर तपकिरी ठिपके विखुरलेले दिसतात. रानपिंगळ्याचे डोके व चोच देहाच्या मानाने मोठी, पाय दांडगे आणि पांढऱ्या पिसांनी भरलेले असतात. पंख व शेपटीवरील पांढरे पट्टेही रुंद असतात.

जंगली पिंगळा वेगळा काढणे त्यामानाने सोपे. त्याच्या अंगावर ठिपके नसतातच. डोके, पाठ आणि छातीवर बारीक आडव्या रेघा असतात आणि पंखांवर तांबूस झाक दिसते. खरा घोळ नावांचा आहे. रान आणि जंगल यांचा अर्थ एकच असल्याने नोंदवह्यांत या दोघांची अदलाबदल सहज होते. यासाठी नोंद करताना मराठी नावासोबत शास्त्रीय नावही लिहिणे बरे.

वागण्यातूनही ओळख पटते. रानपिंगळा दिवसा सक्रिय असतो. विरळ सागवनात पर्णहीन फांदीवर तो उघड्यावर बसतो आणि सावजावर नजर ठेवताना शेपटी झटकत राहतो. मात्र दिवसा दिसला एवढ्यावरून तो रानपिंगळा ठरत नाही. इतर दोघेही दिवसा अधूनमधून दिसतात.

वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या परिशिष्टात रानपिंगळ्याचा समावेश आहे. जंगलतोड आणि घुबडांविषयीच्या अंधश्रद्धेतून होणारी शिकार यांचा त्याला धोका आहे. २०१८ मध्ये जागतिक यादीत तो 'अतिसंकटग्रस्त' वर्गातून 'संकटग्रस्त' वर्गात आला, कारण नव्या ठिकाणांहून नोंदी मिळाल्या. अशा यादीत एखाद्या जागेची चुकीची भर पडली, तर पक्षी आहे त्याहून सुरक्षित वाटू लागतो. उलट खरा रानपिंगळा साधा समजून सोडून दिला, तर त्याचे जंगल नकाशावर येतच नाही. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या तानसा तलावाच्या अभयारण्यात रानपिंगळा असल्याचे जगाला कळले ते थेट २०१४ मध्ये.