पडद्यावरचा चेहरा : एड्सची साथ आणि चित्रपट



एखाद्या रोगाविषयीचे अज्ञान दूर करणे आणि त्या रोगाने पछाडलेल्या माणसाविषयीची भीती दूर करणे, ही दोन कामे वरवर पाहता एकच वाटतात. परंतु ती एक नव्हेत. पहिले काम पत्रकाने होते, व्याख्यानाने होते, दवाखान्याच्या भिंतीवरील फलकानेही होते. दुसरे त्याहून फार अवघड आहे. रोग कसा पसरतो हे पाठ म्हणून दाखविणारा मनुष्यही रोग्याच्या हातचा चहाचा पेला घेताना क्षणभर थबकतो. त्या क्षणभराच्या थबकण्यावर उपाय कोणता? एड्सच्या साथीने जगाला हा प्रश्न घातला आणि त्याचे उत्तर देण्याच्या कामी चित्रपटाचा मोठा वाटा आहे. त्याचा इतिहास आज थोडक्यात आपणांपुढे मांडावयाचा आहे.

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक पत्रिकेत लॉस एंजेलिस येथील पाच तरुणांना झालेल्या एका दुर्मिळ न्यूमोनियाची हकिकत छापून आली. पुढच्या वर्षी या व्याधीला एड्स हे नाव मिळाले. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील फ्रान्स्वाज बारे-सिनुसी, ल्यूक माँतान्ये आणि त्यांचे सहकारी यांनी तिच्या मुळाशी असलेला विषाणू शोधून काढला. असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त, दूषित सुई आणि मातेकडून बालकाला होणारा संसर्ग हे तिचे मार्गही लवकरच स्पष्ट झाले. हस्तस्पर्शाने अथवा एका पंक्तीला बसून जेवल्याने ती जडत नाही, हेही कळले. शास्त्राने आपले काम एवढ्या त्वरेने केले. परंतु समाजाचे मन त्या गतीने चालले नाही. आरंभीचे बहुतेक रोगी समलिंगी पुरुष असल्यामुळे हा रोग म्हणजे त्यांच्या वर्तनाचे प्रायश्चित्त होय, असे म्हणणारे लोक निघाले, आणि इतरांना त्याच्याकडे पाठ फिरविण्यास ते निमित्त पुरले.

अशा वेळी पहिले चित्रपट काढले ते ज्यांच्या घरात मरण शिरले होते त्यांनी. १९८५ साली आर्थर ब्रेसन या दिग्दर्शकाने ‘बडीज’ नावाचा एक लहानसा चित्रपट अवघ्या नऊ दिवसांत चित्रित केला. रुग्णालयातील एक रोगी आणि त्याची सोबत करण्यास आलेला एक स्वयंसेवक, एवढीच काय ती पात्रे. दोन वर्षांनी, १९८७ मध्ये, ब्रेसन स्वतः याच रोगाने गेला. त्याच १९८५ सालच्या नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेतील एनबीसी या दूरचित्रवाणी कंपनीने ‘ॲन अर्ली फ्रॉस्ट’ हे कथाचित्र दाखविले. शिकागोतील एक तरुण वकील आपल्याला एड्स झाल्याचे सांगण्यासाठी आईबापांच्या घरी येतो. बाप तोंड फिरवतो. बहीण गरोदर असल्यामुळे जवळ यावयास भिते. आजारी पडल्यावर रुग्णवाहिकेचे लोक त्याला नेण्याचे नाकारतात. घरातली म्हातारी आजी मात्र त्याला जवळ ओढून त्याचे चुंबन घेते. तीन कोटींहून अधिक लोकांनी त्या रात्री हे चित्र पाहिले. जाहिरातदारांनी मात्र अंग चोरले आणि कंपनीला आर्थिक तोटा सोसावा लागला. तथापि त्या आजीच्या एका कृतीने जे सांगितले ते डॉक्टरांच्या दहा निवेदनांना सांगता आले नसते, हे कबूल करावे लागेल.

याच्या नेमका उलट मार्ग १९८७ साली दोन सरकारांनी धरला. ब्रिटनमध्ये घरोघर पत्रके वाटण्यात आली आणि त्यांच्या जोडीला दूरचित्रवाणीवर काळ्या शिळेवर ‘एड्स’ ही अक्षरे कोरली जात असल्याचे चित्रण दाखविण्यात आले. ऑस्ट्रेलियात तर साक्षात यमदूत पडद्यावर आला. हाती मोठा गोळा घेऊन तो उभ्या केलेल्या माणसांना, बायकामुलांसकट, खेळातल्या खुंट्यांप्रमाणे आडवे पाडतो, असे ते चित्र होते. लोक खडबडून जागे झाले आणि रक्ततपासणीसाठी गर्दी लोटली, हे नाकारता येत नाही. परंतु भीती ही दुधारी असते. पडद्यावरचा तो यमदूत म्हणजे रोगाचे नव्हे, तर रोग्याचेच रूप होय, असा अर्थ अनेकांनी घेतला अशी टीका पुढे झाली. आणि ज्यांना आधाराची गरज होती त्यांच्यापासून लोक आणखी चार पावले दूर सरले. लोकांना जागे करताना त्यांना कोणाविरुद्ध जागे करीत आहोत, याचा विचार या चित्रांनी पुरेसा केला नव्हता.

अमेरिकेत मात्र त्याच वर्षी एक निराळीच घटना घडली. ऑक्टोबर १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या विस्तीर्ण मैदानावर एक अजस्र गोधडी पसरण्यात आली. एड्सने मृत्यू पावलेल्या प्रत्येकाच्या नावाने आप्तेष्टांनी शिवलेला एकेक तुकडा तिच्यात जोडलेला होता. प्रत्येक तुकडा तीन फूट रुंद व सहा फूट लांब, म्हणजे एका थडग्याएवढा. आणि असे १,९२० तुकडे त्या दिवशी तेथे होते. या गोधडीतील काही तुकड्यांमागच्या माणसांची कहाणी रॉब एपस्टीन व जेफ्री फ्रीडमन यांनी १९८९ साली ‘कॉमन थ्रेड्स’ या माहितीपटात सांगितली. तिच्यात रक्ताच्या आजारासाठी घेतलेल्या औषधातून संसर्ग झालेला एक लहान मुलगाही आहे. या माहितीपटाला ऑस्कर पारितोषिक मिळाले. आपल्याकडे आजीच्या लुगड्याचा तुकडा गोधडीत शिवून तिची ऊब जपण्याची चाल आहे. त्यामुळे त्या मैदानावरच्या गोधडीचा अर्थ मराठी माणसाला निराळा समजावून सांगावा लागत नाही.

तरीही हॉलिवूडच्या मोठ्या कंपन्यांनी या विषयाला हात घालण्यास १९९३ साल उजाडले. जोनाथन डेमी यांचा ‘फिलाडेल्फिया’ हा तो चित्रपट. एड्स झाल्याचे कळताच नोकरीवरून काढलेला वकील आणि त्याचा खटला चालविणारा दुसरा वकील, अशी ही कथा. दिग्दर्शकाचे चातुर्य असे की, भीती त्याने खलपुरुषाच्या ठायी ठेवली नाही; ती त्या दुसऱ्या वकिलाच्या, म्हणजे प्रेक्षकाच्याच प्रतिनिधीच्या मनात ठेवली. रोग्याशी हस्तांदोलन केल्यावर हा गृहस्थ तडक आपल्या डॉक्टरकडे धावतो! पुढे त्याचे मन जसजसे पालटते तसतसे प्रेक्षकाचेही पालटते. टॉम हँक्स यांना या भूमिकेबद्दल ऑस्कर मिळाले आणि चित्रपट जगभर चालला. बाराव्या वर्षी हा विषय मोठ्या चित्रगृहात पोहोचला. तोवर ब्रेसनसारखे किती जण काळाच्या पडद्याआड गेले होते!

आणखी एक उणीव होती. या चित्रांतला रोगी बहुतेक वेळा अमेरिकेतील गोरा, सुशिक्षित पुरुष असे; पण साथीचा खरा आगडोंब उसळला होता तो आफ्रिकेत. ती बाजू डॅरेल रूट यांच्या ‘येस्टर्डे’ या २००४ सालच्या दक्षिण आफ्रिकी चित्रपटाने दाखविली. झुलू भाषेतील या चित्रपटाची नायिका क्वाझुलू-नाताळमधील एका खेड्यात राहते. नवरा दूर जोहान्सबर्गच्या खाणीत कामाला. कोसभर तुडवत ती दवाखान्यात जाते, तेव्हा रांग संपण्यापूर्वीच डॉक्टरीणबाईंची वेळ संपलेली असते. रोगाचे निदान ऐकून नवरा तिला मारतो. आणि तोच पुढे खंगून घरी येतो, तेव्हा गाव त्याला थारा देत नाही. म्हणून ती गावाबाहेर पत्र्याचे तुकडे गोळा करून त्याच्यासाठी खोपटे उभारते. तिची इच्छा एकच, मुलगी शाळेत जाईल त्या दिवसापर्यंत जगण्याची. घरधनी दूर शहरात आणि बायको गावी, हे चित्र आपल्या कोकणाला आणि घाटावरील खेड्यांना काय अपरिचित आहे?

परंतु चित्रगृहच नसलेल्या मुलखात चित्रपट पोहोचावा कसा? दक्षिण आफ्रिकेच्या कुशीत वसलेल्या लेसोथो या डोंगराळ देशात याचे उत्तर फिरत्या चित्रपटगृहाने दिले. तेबोहो एडकिन्स यांच्या २००४ सालच्या माहितीपटात तीन तरुण गावोगाव जाऊन चित्रपट दाखवितात, आणि खेळ संपल्यावर उभे राहून सांगतात की आम्हां तिघांनाही हा संसर्ग झालेला आहे, काय विचारावयाचे ते विचारा. चित्रपटाचे खरे काम दिवे लागल्यावर सुरू होते, हे या तिघांनी सिद्ध केले. आपल्याकडे दूरदर्शनवर २००२ पासून चाललेल्या ‘जासूस विजय’ या मालिकेचा गुप्तहेर नायक स्वतः एचआयव्हीबाधित होता; गावातील रहस्ये उलगडणाऱ्या त्या उमद्या तरुणाला लाखो घरांनी आपले मानले.

आता गोव्याकडे वळू; कारण या इतिहासातील एक दुःखद पान तेथे लिहिले गेले आहे. १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाच्या रक्तात हा विषाणू आढळला. तो नित्याचा रक्तदाता होता. गोव्याच्या तत्कालीन आरोग्य कायद्यात अशा व्यक्तीला सक्तीने अलग ठेवण्याची तरतूद होती. पोलिसांनी त्याला नेले आणि म्हापशाच्या वापरात नसलेल्या क्षयरोग आरोग्यधामात चौसष्ट दिवस एकट्याला ठेवण्यात आले. त्याच्या आईने उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. तो घरी आला खरा, पण अंतिम निकालात ती तरतूद न्यायालयाने वैध ठरविली. १९९२ साली, आपल्यासारख्यांसाठी ‘पॉझिटिव्ह पीपल’ या संस्थेचा पाया घालून, तो निवर्तला.

या जीवनाचा धागा घेऊन ओनीर यांनी २००५ साली ‘माय ब्रदर... निखिल’ हा हिंदी चित्रपट काढला. त्यात नायक गोव्याचा जलतरणपटू आहे. संघ त्याला काढून टाकतो, आईबाप घराबाहेर घालवितात, सरकार कोंडते. बहीण आणि मित्र तेवढे सोडीत नाहीत. त्याच्या मागे राहिलेली माणसे कॅमेऱ्याकडे पाहून, म्हणजे आपल्याकडेच पाहून, बोलतात. त्यांतील कित्येकांच्या बोलण्यात पश्चात्ताप आहे. आणि तो पाहताना प्रेक्षकाला वाटते की आपणही त्या काळी त्या शेजाऱ्यांपैकीच एक असतो. १९८९ साली जर असे चित्र गावोगाव दाखविले गेले असते, तर त्या आरोग्यधामाच्या दाराला कुलूप लागले असते काय? इतिहासात ‘जर’ला स्थान नाही, हे खरे. परंतु पुढच्या साथीच्या वेळी हा प्रश्न विचारणे आपल्या हाती आहे.

चित्रपटाने औषध मिळत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. परिणामकारक संयुक्त औषधोपचार १९९६ मध्ये सापडला. पण त्याचा वार्षिक खर्च दहा हजार डॉलरहून अधिक असल्यामुळे गरीब देश त्यापासून वंचित राहिले. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी तोच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. डिलन मोहन ग्रे यांच्या ‘फायर इन द ब्लड’ या २०१३ सालच्या माहितीपटात हा संघर्ष आहे. रोग्याला माणूस म्हणून पाहण्यास शिकलेले जगच त्याच्या औषधासाठी भांडू शकते. म्हणून त्या चेहऱ्यांचे ऋण औषधालाही आहे.

२०२४ अखेर जगात सुमारे चार कोटी आठ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते आणि त्या एका वर्षात सहा लाखांहून अधिक मृत्यू झाले. २००४ च्या सुमारास मृत्यूंची संख्या याच्या तिपटीहून अधिक होती. नियमित औषध घेणारा बाधित मनुष्य आज दीर्घ आयुष्य जगतो. रक्तातील विषाणू औषधाने पूर्ण दबला असेल तर त्याच्याकडून शरीरसंबंधातूनही संसर्ग होत नाही. मरणाचे चित्र दाखविणाऱ्या पडद्याने आता हे जगणेही दाखविले पाहिजे: सकाळी गोळी घेऊन कामावर निघालेला बाप, आणि शाळेच्या फाटकाशी मुलीला सोडणारी आई. ‘येस्टर्डे’मधील त्या मातेने मागितले होते ते एवढेच.