शेवटच्या कडव्यातलं नाव

नव्या मराठी बँडची, रॅपर पोरांची गाणी तुम्ही कुठून शोधता असं विचारलं, तर दहातले आठ जण म्हणतात, रीलवरून. पंधरा-वीस सेकंदांचा तुकडा कानावर पडतो, डोक्यात बसतो आणि मग आपण विचारतो, हे आहे कुणाचं? २०२४ मध्ये ‘तांबडी चामडी’ आलं तेव्हा आमच्या ऑफिसात कॅन्टीनपासून पार्किंगपर्यंत सगळे तेच गुणगुणत होते. क्रेटेक्स आणि श्रेयस ही नावं मात्र आमच्या टीममध्ये एकालाच माहीत होती. गाणं सगळ्यांना सापडलं, माणसं एकालाच.

तर आज बोलायचंय ते यावर. नवं गाणं आपल्यापर्यंत येतं तेव्हा करणाऱ्याचं नाव त्याच्यासोबत येतं का? आणि येत असेल तर ते गाण्यात कुठं बसलेलं असतं? मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे मला हा डेटाचा प्रश्न वाटतो. पण आपल्याकडे तो निदान चारशे वर्षं जुना आहे.

‘तुका म्हणे’ हे आपण इतकं ऐकलंय की ती सही आहे हे लक्षातच येत नाही. छापखाना नाही, रेकॉर्ड नाही, गाणं तोंडातोंडी गावोगाव जाणार. मग नाव ठेवायचं कुठं? गाण्याच्या आतच. याला नाममुद्रा म्हणतात. जनाबाईंची ‘दासी जनी’ आणि सोयराबाईंची ‘चोख्याची महारी’ या मुद्रा नसत्या, तर त्यांचे अभंग दुसऱ्याच कुणाच्या नावावर गेले असते. ज्यांच्या नावावर दुसरं काहीच नव्हतं, त्यांच्या नावावर किमान ते अभंग राहिले.

आणि चोरी तेव्हाही होतीच. सालोमालो आठवतो का? तुकोबांनीच त्याचा उल्लेख केलाय. दुसऱ्याचे अभंग घ्यायचे, शेवटचं नाव काढायचं, आपलं घालायचं. आज कुणाचं तरी गाणं उचलून स्वतःच्या चॅनलवर चढवणाऱ्यांचा हा मूळपुरुष. १९३६ च्या प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये तो खलनायक आहे, आणि मला तर त्या सिनेमातलं सगळ्यात आजचं पात्र तेच वाटतं.

हीच पद्धत पुढे लावणीत, पोवाड्यात आली. आमच्या कोरेगावपासून दक्षिणेला निघालात की कऱ्हाडच्या पुढं वाळवा तालुका लागतो. तिथलं रेठरे हरणाक्ष हे पठ्ठे बापूरावांचं गाव. मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६. गावचं कुलकर्णीपण सोडून हा माणूस तमाशात गेला, पवळाबाईंसोबत फड गाजवला आणि १९४५ मध्ये हलाखीत वारला. त्यांच्या लावण्या असंख्य फडांनी गायल्या. ऐकणाऱ्याला कवी कोण हे विचारावं लागायचं नाही, कारण शेवटच्या कडव्यात नाव यायचंच. म्हणजे जत्रेत पहिल्यांदाच नवी लावणी ऐकणारा गडी घरी जाताना चाल आणि नाव दोन्ही घेऊन जायचा. अट एकच, लावणी शेवटपर्यंत ऐकायला हवी.

ही अट लक्षात ठेवा.

आता ग्रामोफोन. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग नावाचा ध्वनिमुद्रक कलकत्त्यात गौहर जानचं गाणं मुद्रित करतो. गाणं संपता संपता ती इंग्रजीत आपलं नाव सांगते. यावर खूप लोक खूश होतात, काय तो तोरा वगैरे. खरं कारण साधं आहे. या मुद्रणाच्या तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या. तिथल्या कामगाराला हिंदुस्तानी गाणं कळणार कसं? कुठल्या तबकडीवर कुठलं लेबल चिकटवायचं हे त्याला कळावं म्हणून बाईंनी नाव बोलायचं. फाइलला लेबल लावण्याचीच ही रीत. आणि नाव पुन्हा शेवटीच!

तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं. रात्रभर चालणारं गाणं तीन मिनिटांत बसवायचं म्हणजे कात्री आलीच. पण नाव आता गाण्यातून निघून लेबलावर आलं. आणि लेबल काय लिहायचं हे कंपनी ठरवणार. इथून पुढचा सगळा घोळ.

मोठी कंपनी एचएमव्ही. मोठे गायक तिच्याशी कराराने बांधलेले. मग १९३५ च्या सुमारास मुंबईत नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी उभी राहिली, तिच्या लेबलाचं नाव ‘यंग इंडिया’. मोठे कलाकार मिळणार नव्हते, म्हणून तिनं नवोदित, हौशी मंडळींना मुद्रित केलं. आजच्या भाषेत ही आपली इंडी कंपनी, आणि तीही स्वतःच्या कारखान्यात तबकड्या छापणारी. १९५५ पर्यंत ती चालली. तिच्या लेबलांवरच्या कितीतरी नावांचा आज बाकी काहीच पत्ता लागत नाही. पण तबकडी हातात आली तर नाव वाचता येतं, हे तरी आहे.

याच काळातली एक गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते, तरी सांगतो, कारण ती आपल्या सांगलीशी जोडलेली आहे. मंगेशकर कुटुंब सांगलीत राहायचं, लताबाईंचं बालपण तिथलं. १९४९ मध्ये ‘महल’ आला. ‘आएगा आनेवाला’ देशभर वाजलं. रेकॉर्डवर गायिकेचं नाव काय छापलं होतं? कामिनी. म्हणजे सिनेमात मधुबालाने केलेल्या पात्राचं नाव. जी बाई नाहीच, तिच्या नावावर गाणं. लोकांनी रेडिओकडे चौकशा सुरू केल्या की ही गाते कोण, रेडिओने कंपनीला विचारलं, तेव्हा कुठं लता मंगेशकर हे नाव हवेत आलं. लताबाई तेव्हा वीस वर्षांच्या. श्रोत्यांनी विचारलंच नसतं तर? नाव पुढेमागे कळलं असतंच म्हणा, आवाजच तसा होता. पण सगळ्यांचा आवाज तसा नसतो.

रेडिओने मात्र हे काम नेकीनं केलं. गाण्याआधी गीतकार, संगीतकार, गायक, तिन्ही नावं. सांगली आकाशवाणी १९६३ ला सुरू झाली आणि आमच्या भागातल्या घराघरात हा नावांचा पाढा रोज व्हायला लागला. आमच्या आजीला वाचता येत नव्हतं, पण कुठलं गाणं खळ्यांचं आणि कुठलं फडक्यांचं हे ती भाकरी थापता थापता सांगायची. जाता जाता एक गंमत. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं तो १ एप्रिल शुक्रवार होता, आणि पुढे वर्षभर दर शुक्रवारी सकाळी नवं गाणं. २०१५ पासून जगभरच्या कंपन्या नवी गाणी शुक्रवारीच काढतात. आपण साठ वर्षं पुढं होतो.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि मुद्रण स्वस्त झालं. कोण काढतंय, कोण कॉपी करतंय, हिशेबच राहिला नाही. कव्हर कोऱ्या कागदाचं, त्यावर बॉलपेननं ‘भीमगीते २’. पण इथं जुनी नाममुद्रा कामाला आली. वामनदादा कर्डकांच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ असायचाच. गाणारा कुणीही असो, कॅसेट कितव्या कॉपीची असो, वस्तीवरच्या पोरालाही माहीत की हे वामनदादांचं. कॉपी करणाऱ्याला कव्हर फेकता येतं. कडव्यातलं नाव काढायचं तर यमक मोडतं.

आता माझ्या शाळेच्या दिवसांवर येतो. २०१० च्या आसपास कोरेगावात नवी गाणी मिळायची मोबाइलच्या दुकानात. दोन जीबीचं मेमरी कार्ड द्यायचं, दुकानदार कॉम्प्युटरवरून भरून द्यायचा. काय भरायचं हे निम्मं तोच ठरवायचा, तो आमचा अल्गोरिदम! त्यात आजूबाजूच्या गावांतल्या बेंजो पार्ट्यांची रेकॉर्डिंगं असायची. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं ते वाद्य, मिरवणुकीत अॅम्प्लिफायर लावून वाजतं. एक फाइल माझ्याकडे होती, ‘न्यू बेंजो ३’. कुणीतरी मिरवणुकीतच फोनवर रेकॉर्ड केलेली. त्यातल्या वादकाचा हात इतका साफ होता की मी ती वर्षभर ऐकली. आर्टिस्टच्या रकान्यात काय होतं? गाणी फुकट वाटणाऱ्या कुठल्याशा साइटचा पत्ता. ते रेकॉर्डिंग इथंच जवळपास, पंधरा-वीस किलोमीटरच्या आत झालं असणार, आणि वादकाचं नाव मला आजही माहीत नाही.

पुढे बीटेकला असताना त्या रकान्याचा इतिहास वाचला. एमपी३ फाइलमध्ये नाव लिहिण्याची सोय १९९६ मध्ये आली, तिला आयडी३ म्हणतात. फाइलच्या अगदी शेवटी १२८ बाइट जोडायचे, त्यातले ३० बाइट गाणाऱ्याच्या नावाला. शेवटी! पठ्ठे बापूरावांसारखंच. आणि अडचणही तीच आली, गाणं नेटवरून वाजत असेल तर शेवटचा तुकडा येईपर्यंत नाव कळत नाही. म्हणून दोन वर्षांनी नवी आवृत्ती काढून नाव फाइलच्या सुरुवातीला नेलं. आपली आणखी एक पंचाईत म्हणजे युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात. तीस बाइटांत दहा चिन्हं, म्हणजे आडनाव गेलंच. त्यात ती जुनी सोय रोमन अक्षरांपुरतीच, देवनागरी टाकली की बऱ्याचदा प्रश्नचिन्हांची रांग दिसायची.

रीलनं पुन्हा तेच केलंय. ती मधला सर्वात चटकदार तुकडा उचलते, शेवटचं कडवं कुणी ऐकतच नाही. अभंग रिपोस्टसारखा मुंबईचा बँड तुकोबांना ड्रम-गिटारवर आणतो. पूर्ण गाणं ऐकलं तर ‘तुका म्हणे’ येतं, रीलमध्ये तेही येत नाही आणि बँडचं नाव तर गाण्यात कुठंच नाही. रॅपवाल्यांना हे बरोबर समजलंय. पहिल्या पाच सेकंदांतच आपलं नाव किंवा बीट करणाऱ्याची खूण ओरडून मोकळे. काहींना हा उगाच माज वाटतो. मला ती नाममुद्राच वाटते, फक्त जागा बदललेली. आणि मुंबईच्या स्वदेशी गटाने २०१९ मध्ये आरेच्या जंगलावर ‘द वारली रिव्होल्ट’ काढलं, तेव्हा प्रकाश भोईर हे नाव गटाच्या नावाशेजारी गाण्याच्या शीर्षकातच घातलं. हे मला फार आवडलं.

यात पैशाचा भाग आहे. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला काढून घेता येत नाही. पण वाटा मिळायला नाव नोंदलेलं पाहिजे आणि एकसारखं नोंदलेलं पाहिजे. एकच पोरगा एका गाण्यावर शिंदे, दुसऱ्यावर इंग्रजीत वेगळ्या स्पेलिंगचा शिंदे, तिसऱ्यावर नुसतं पहिलं नाव, असं झालं की मशीनच्या लेखी ते तीन गायक. मला नवा मराठी बँड सापडला की मी आधी गाणं शेवटपर्यंत ऐकतो, मग श्रेयनामावली उघडून बघतो की ढोलकी कुणाची, शब्द कुणाचे, आणि तुम्हाला दुवा पाठवताना नावं देवनागरीत टाइप करून पाठवतो. दहा मिनिटं जातात.

आणि हो, कोरेगाव, रहिमतपूर, वाठार या पट्ट्यात कुणाकडे त्या काळातलं मेमरी कार्ड कपाटात पडलेलं असेल तर बघा जरा. ‘न्यू बेंजो’ नावाच्या फाइली सापडल्या, आणि घरात कुणाला वाजवणारा ओळखता आला, तर मला कळवा.