पोकळ भिंत आणि वजनदार टीव्ही

मुंबई-पुण्याच्या दोन खोल्यांच्या घरात एक प्रसंग हमखास येतो. मुले मोठी होतात, त्यांना अभ्यासासाठी स्वतंत्र जागा हवी असते आणि मग हॉलचा एक भाग पार्टिशनने वेगळा केला जातो. सोफा आहे तिथेच राहतो. त्याच्या समोर आता विटांच्या भिंतीऐवजी हे नवे पार्टिशन उभे असते. साहजिकच टीव्ही त्याच्यावर जातो. रंग दिल्यानंतर पार्टिशन आणि पक्की भिंत यांत डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट पुढे महागात पडते.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाने ५५ इंची संच अशाच जिप्समच्या पार्टिशनवर लावून घेतला होता. लावायला आलेल्या मुलाने खोक्यातल्या पिशवीत मिळालेल्या प्लॅस्टिकच्या गिट्ट्या ठोकल्या, स्क्रू आवळले, सही घेतली आणि तो निघून गेला. पुढे पंधरा-वीस दिवस टीव्हीखालच्या कपाटावर रोज थोडी पांढरी पूड पडत असे. रंगाचे काम नुकतेच झाल्याने कोणाला त्यात वावगे वाटले नाही. कामाच्या बाई ती पुसून घेत. एका दुपारी संच ब्रॅकेटसकट खाली आला. त्या वेळी खोलीत कोणी नव्हते. त्या घरातली तीन वर्षांची नात मात्र रोज संध्याकाळी त्याच कपाटापाशी खेळत बसते. ती पांढरी पूड म्हणजे स्क्रूच्या भाराने आतल्या आत चुरडत चाललेले जिप्सम होते.

जुन्या काळी हा प्रश्नच नव्हता. २९ इंची काचेच्या ट्यूबचा संच चाळीस किलोच्या वर जाई, दोन माणसांखेरीज हलत नसे. पण तो ट्रॉलीवर किंवा शोकेसमध्ये बसे आणि त्याचे ओझे जमीन पेलत असे. आजचा ६५ इंची संच सुमारे २० ते २५ किलोंचा, म्हणजे त्याच्या निम्म्याने हलका आहे. पण हे सगळे वजन आता भिंतीवर येते, आणि तेही चार-सहा स्क्रूंच्या भरवशावर. ७५ इंची संच तर तिशी ओलांडतो.

भिंत ओळखायची कशी?

बोटाच्या पेराने ठोकून पाहणे हा पहिला उपाय. पक्की भिंत बोथट आवाज देते, पोकळ भिंत डब्यासारखी वाजते. पण प्लास्टर सुटलेली पक्की भिंतही काही ठिकाणी पोकळ वाजते, म्हणून एवढ्यावर निर्णय घेऊ नये. अधिक खात्रीचा मार्ग म्हणजे मेन स्विच बंद करून त्या भिंतीवरच्या एखाद्या स्विचबोर्डाची पट्टी काढून पाहणे. भोकाच्या कडेला भिंतीचा छेदच दिसतो: अर्ध्या इंचाचा पांढरा बोर्ड आणि मागे अंधार, की सलग वीट. तेही शक्य नसेल तर संचाच्या मागे झाकले जाईल अशा जागी एक बारीक भोक पाडावे. लाल भुकटी आली तर वीट. आधी पांढरी आणि मग लाल आली, तर विटेवर दिलेले जिप्समचे प्लास्टर; ही भिंत पक्कीच असते. पांढरी भुकटी येऊन ड्रिल एकदम आत ‘पडले’, तर ते बोर्डाचे पार्टिशन समजावे.

या पार्टिशनची रचना समजून घेणे आवश्यक आहे. जस्ताचा मुलामा दिलेल्या, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या पत्र्याचे उभे चॅनेल, कारागीर ज्यांना स्टड म्हणतात, ते साधारण दोन फुटांवर (काही ठिकाणी त्याहून जवळ) उभे केलेले असतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना साडेबारा मिलिमीटर जाडीचा जिप्सम बोर्ड स्क्रूने बसवतात. मधे हवा, क्वचित आवाज अडवण्यासाठी लोकर. ही भिंत स्वतःचे वजन उत्तम पेलते, खोल्या वेगळ्या करते, एखादी तसबीर किंवा घड्याळही सांभाळते. टीव्ही पेलणे तिच्या मूळ कामात बसत नाही. ती सोय वेगळी करावी लागते.

गिट्टी का निकामी ठरते?

आज घरोघरी वापरली जाणारी नायलॉनची गिट्टी जर्मन संशोधक आर्टुर फिशर यांनी १९५८ मध्ये तयार केली. तिचे तत्त्व साधे आहे. स्क्रू आत शिरला की गिट्टी फुगते, भोकाच्या कडांवर दाब देते, आणि वीट किंवा काँक्रीट त्या दाबाला तितकाच प्रतिकार करते. या घर्षणावर सगळा भार तोललेला असतो. जिप्सम बोर्डात मात्र दोन इंची गिट्टीचा जेमतेम अर्धा इंच बोर्डात असतो, उरलेली हवेत लोंबकळते. शिवाय जिप्सम ठिसूळ. फुगणाऱ्या गिट्टीला आधार देण्याऐवजी ते स्वतःच चुरडते. भोक गोलाचे लंबगोल होते, संच किंचित पुढे झुकतो, झुकल्यामुळे वरच्या स्क्रूंवरची ओढ वाढते आणि भोक आणखी मोठे होते. म्हणूनच असा संच पहिल्या दिवशी पडत नाही, तीन आठवड्यांनी पडतो.

पोकळ भिंतीसाठी टॉगल बोल्ट नावाचा प्रकार मिळतो. याचे पंख मिटवून भोकातून आत सारायचे. पलीकडे गेले की ते उघडतात आणि बोर्डाला मागून धरतात. पकड घर्षणाची न राहता बोर्डाच्या मागच्या बाजूस टेकलेल्या धातूच्या पट्टीची होते. साध्या गिट्टीपेक्षा हा कितीतरी सरस आहे, पण पाकिटावरचा आकडा वाचून हुरळून जाऊ नये. तो बहुधा चाचणीत बोर्ड फुटेपर्यंत किती ओढ सहन झाली याचा असतो. नित्य भारासाठी त्याचा चौथा हिस्सा धरण्याचा प्रघात आहे. शिवाय टॉगल कितीही मजबूत असला तरी तो ज्याला धरतो तो बोर्ड अर्ध्या इंचाचाच राहतो.

हिशेब वजनाचा नव्हे, अंतराचा

‘पंचवीस किलो तर आहे, चार स्क्रू सहज पेलतील’ असे म्हणणारे एक गोष्ट विसरतात. संचाचे वजन भिंतीपासून किती पुढे आहे, यावर स्क्रूंवर येणारी ओढ ठरते. ब्रॅकेटसह २५ किलोंचा संच भिंतीला चिकटून लावला आणि त्याचा गुरुत्वमध्य भिंतीपासून ६ सेंटिमीटरवर असला, ब्रॅकेटची खालची कड व वरचे स्क्रू यांत २० सेंटिमीटर अंतर असले, तर वरच्या स्क्रूंना भिंतीतून बाहेर खेचणारी ओढ होते २५ गुणिले ६ भागिले २०, म्हणजे साडेसात किलो. ती फारशी नाही.

आता तोच संच पुढे ओढता येणाऱ्या, डावी-उजवीकडे वळणाऱ्या हाताच्या ब्रॅकेटवर लावा. हात पूर्ण बाहेर काढला की वजन ५० सेंटिमीटर पुढे जाते. ओढ होते साडेबासष्ट किलो, म्हणजे आठपटीहून अधिक. त्यात वळवताना पडणारा पीळ आणि एखाद्या मुलाने कडेला धरून घेतलेला झोका धरलेला नाही. विटांच्या भिंतीवर हा ब्रॅकेट खुशाल लावावा. पोकळ पार्टिशनवर, मागे लाकडाचा किंवा प्लायचा भक्कम आधार नसेल, तर तो लावूच नये असे आमचे स्पष्ट मत आहे. विक्रेता काहीही म्हणो.

आधार शोधणे आणि आधार देणे

बोर्डामागचे स्टड सापडले की अर्धे काम होते. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. फ्रिजवर चिकटवायचा एखादा जोरदार चुंबक दोऱ्याला बांधून भिंतीलगत आडवा फिरवावा; स्टडवर किंवा बोर्डाच्या स्क्रूवर आला की तो ओढला जातो. अशा खुणा एका उभ्या रेषेत मिळाल्या की तो स्टड. मग बारीक भोकाने खात्री करून घ्यावी.

अडचण पुढे येते. संचाची ब्रॅकेटपट्टी साधारण दीड-दोन फूट रुंद असते आणि स्टडही दोन फुटांवर. त्यामुळे बहुतेक वेळा एकच स्टड पट्टीच्या मागे येतो, तोही मध्यभागी नसतो. शिवाय अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यात स्क्रूचा जेमतेम एखादा आटा धरतो. यावर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे भार अनेक स्टडवर पसरवणे. १८ मिलिमीटर जाडीच्या, ओलाव्याला दाद न देणाऱ्या प्लायचा साडेचार फूट रुंद आणि अडीच फूट उंच तुकडा घ्यावा. चार फुटांच्या तुकड्याच्या कडा बरोबर स्टडवर येऊन स्क्रू काठाशी जातात, म्हणून हे सहा इंच जादा. हा तुकडा तीन स्टडवर, प्रत्येकी चार-पाच दोन इंची स्वयंछेदी स्क्रूंनी बसवावा. प्लाय आणि बोर्ड मिळून सव्वा इंच होतो, त्यामुळे त्याहून लहान स्क्रू स्टडपर्यंत पोहोचून पुरेसा धरत नाही. ब्रॅकेटचे बोल्ट प्लायला मागून, डोके खाचेत बुडवून, आधीच बसवून घेतले तर पकड लाकडी स्क्रूपेक्षा कितीतरी चांगली मिळते.

वरून लॅमिनेट किंवा भिंतीचाच रंग दिला की हा तुकडा सजावटीचा भाग वाटतो. हाच प्लाय खाली जमिनीपर्यंत नेला तर आणखी उत्तम: उभे वजन जमिनीवर जाते आणि पार्टिशनला केवळ संच पुढे कलू न देण्याचे काम उरते. ७५ इंची संचासाठी आम्ही दुसरा पर्याय सुचवणार नाही.

सुताराने केलेले जुने लाकडी पार्टिशन असेल, तर आतल्या उभ्या-आडव्या लाकडी पट्ट्या शोधून त्यांत स्क्रू घ्यावेत. वरच्या सहा मिलिमीटर प्लायवर मुळीच विसंबू नये. पट्ट्या जागेवर येत नसतील तर जुने सुतार करतात तेच करावे. आरपार बोल्ट घालून पलीकडच्या खोलीत प्लायची मोठी फळी व वायसर लावून नट आवळावेत. दिसायला ते ओबडधोबड. पण पलीकडे कपाट असेल तर कोणाला दिसणार?

पार्टिशन अजून व्हायचे असेल, तर ही सगळी खटपट टळते. दुसरा बोर्ड बंद होण्यापूर्वी स्टडच्या मधोमध, जमिनीपासून अडीच ते पाच फुटांच्या पट्ट्यात, १८ मिलिमीटर प्लाय आडवा भरून घ्यावा. खर्च एखाद्या प्लायच्या पत्र्याचा. ठेकेदाराला हे तोंडी सांगून भागत नाही. नकाशावर लिहून द्यावे आणि बोर्ड लावण्याआधी मोजपट्टी आडवी धरून त्या भिंतीचे छायाचित्र काढून ठेवावे. पाच वर्षांनी नवा संच घेताना ते कामी येते.

नव्या इमारतींतल्या हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंतींविषयी एक शब्द. त्या पोकळ नसतात, पण सच्छिद्र व मऊ असतात. त्यांत ड्रिलचा हातोडा बंद ठेवून भोक पाडावे आणि त्या ब्लॉकसाठी मिळणारी लांब गिट्टी किंवा रासायनिक अँकर वापरावा. पोकळ काँक्रीट ब्लॉकची बाहेरची कवची इंच-सव्वा इंचाची असते. तिथेही हातोडा नको, आणि जाळीच्या नळीतून भरलेला रासायनिक अँकरच योग्य.

लावताना

ड्रिल चालवण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा. पोकळीतून वायरी गेलेल्या असू शकतात आणि त्या स्विचबोर्डाच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत असण्याचा संभव अधिक. संचाची वीजवायर पोकळीत नुसती सोडू नये. संचाच्या मागेच सॉकेट काढून घ्यावे, आणि एचडीएमआय केबलसाठी वेगळी, तिचे टोक सहज जाईल अशी दीड इंची नळी टाकावी. पार्टिशनची दुसरी बाजू न्हाणीघराची असेल तर त्या भिंतीवर संच नकोच. ओल लागली की जिप्सम मऊ पडते आणि सर्व हिशेब चुकतात.

ब्रॅकेट विकत घेताना संचाच्या पाठीवरील चार भोकांतली अंतरे पाहावीत. व्हेसा मानकानुसार ती मिलिमीटरमध्ये, उदाहरणार्थ २०० बाय २०० किंवा ४०० बाय ४०० अशी, दिलेली असतात. संचात जाणारे स्क्रू कंपनीने सांगितलेल्या लांबीचेच हवेत. अधिक लांब स्क्रू आतल्या पॅनेलला इजा करतो. उंचीविषयी लोक उगाच चढाओढ करतात. सोफ्यावर बसल्यावर डोळे येतात तिथे, जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर, पडद्याचा मध्य असावा. वर लावलेला संच मानेला त्रास देतो आणि पडला तर अधिक उंचावरून पडतो.

संच चढवण्याआधी रिकाम्या ब्रॅकेटवर दोन्ही हातांनी हळूहळू जोर देऊन, खाली आणि स्वतःकडे, दोन्ही दिशांनी ओढून पाहावे. काही हलले, करकरले, तर तिथेच थांबावे. लावणाऱ्या माणसाला भिंत कशाची आहे हे आपणच सांगावे. त्याच्या पिशवीतल्या गिट्ट्या पक्क्या भिंतीच्या आहेत आणि दिवसात त्याला अशी अनेक घरे उरकायची असतात. भाड्याच्या घरात मालकाची परवानगी नसेल तर जमिनीवर उभा राहणारा स्टँड घ्यावा.

महिन्याभराने आणि नंतर दर पावसाळा संपल्यावर बॅटरीच्या उजेडात ब्रॅकेटच्या वरच्या कडेला पाहावे. भिंत आणि पट्टी यांत पोस्टकार्ड सरकेल एवढी फट दिसली, किंवा खाली पांढरी पूड आढळली, तर त्याच दिवशी संच उतरवून ठेवावा.